पाच भाषाभगिनी आणि एक भाची

अल्माती, १२ एप्रिल १९९३

साल्कीन पोरी,

तुझ्या मामाचा अल्मातीहून सलाम. दचकू नकोस, पन्नाशी उलटलेला मामा पुन्हा विद्यार्थी झाला आहे. निघताना मी तुझ्या आईला सगळं नीट समजावून सांगितलं होतं, पण ती गाईचं दूध काढत होती, तेव्हा त्यातलं तिच्या कानात किती शिरलं आणि चरवीत किती पडलं, कोण जाणे.

तुला ठाऊकच आहे, मी नारिनच्या कॉलेजात अर्धं आयुष्य पक्षाचा इतिहास शिकवला. मग एके सकाळी पक्षच उरला नाही. आमच्या खात्यात वैज्ञानिक नास्तिकता शिकवणारे सहकारी लगेच सावरले, ते सध्या मशिदीच्या बांधकाम समितीवर आहेत. मला सावरायला जरा वेळ लागला. पण बिश्केकला नवं बंधुभाषा सदन निघालं, त्यांना सगळ्या सख्ख्या भाषा ओळीने शिकणारा एक विद्वान हवा होता, आणि अर्ज करणारा मी एकटाच निघालो. यालाच योग म्हणतात.

माझी पद्धत ऐक, पुढे हिच्यावर पुस्तक होणार आहे. किरगीझ आपल्याला येतेच, म्हणजे निम्मं काम पाळण्यातच झालं. उरल्या पाच बहिणी: कझाक, उझबेक, तुर्कमेन, अझरबैजानी आणि तुर्की. एका वेळी एकीतच बुडी मारायची. चारपाच महिन्यांनी बाहेर यायचं, अंग पुसायचं, की पुढचीत उडी. मागच्या भाषेकडे वळून पाहायचं नाही आणि मधल्या काळात किरगीझसुद्धा शक्यतो बोलायची नाही, नाहीतर सगळ्यांचा काला होतो. हे पत्र मी अपवाद म्हणून लिहितो आहे. कझाकला मी फेब्रुवारीपासून लागलो आहे.

प्रगती उत्तम. काल दुकानात मी शुद्ध कझाकमध्ये साखर मागितली. दुकानदारीण रशियनमध्ये म्हणाली, साखर नाही. म्हणजे समजलं तिला!

तुझा मामा,
जोल्दोशबेक


नारिन, ३ मे १९९३

मामा,

तुम्हांला सलाम, तुमच्या कझाकला सलाम आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या चौघींनाही सलाम. आईने त्या दिवशी काहीच ऐकलं नव्हतं. तिला वाटलं तुम्ही बाजारात निघालात. ती दोन दिवस तुमच्यासाठी रस्सा गरम करत होती.

आता माझं ऐका, आणि अपवाद म्हणून का होईना, किरगीझमध्ये ऐका.

सामुदायिक शेती मोडली तेव्हा आपल्या अध्यक्षसाहेबांच्या, म्हणजे ओरोझालींच्या वाट्याला सगळ्यात गुबगुबीत मेंढ्या आल्या, हे तुम्ही पाहिलंच आहे. कशा आल्या ते विचारायची कुणाची छाती नाही. मेंढ्या झाल्या, घोडे झाले, आता त्यांना मुलासाठी, म्हणजे मारातसाठी, बायको हवी आहे आणि त्यांची नजर माझ्यावर पडली आहे. मारात वाईट नाही हो. पण त्याला चरायला दिलेल्या मेंढ्या संध्याकाळी दुसऱ्याच्या कळपात सापडतात आणि तो मात्र झाडाखाली सापडतो. एसेनबेक काका अर्धे हो म्हणून बसले आहेत. बाबा गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द चालतो, आईला ते बोलू देत नाहीत. शरद ऋतूत कळप डोंगरावरून खाली उतरले की बातीना काकू, म्हणजे मारातची आई, माझ्या कानात डूल घालायला येणार. डूल घातले की संपलं. मग कुणी बोलून उपयोग नाही.

मला जनावरांची डॉक्टर व्हायचं आहे, मामा. बिश्केकला जाऊन शिकायचं आहे. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

बापाकडच्या दहा जणांनी हो म्हटलं तरी मामा नाही म्हणाला की बैठक थांबते, ही आपली रीत तुम्हीच मला लहानपणी सांगितली होती. तुम्ही फक्त या, चहा प्या आणि एसेनबेक काकांना म्हणा, आमच्या पोरीचं लग्न आत्ता नाही. एवढं एकच वाक्य. डूल यायच्या आधी.

साल्कीन


नमनगान, २८ जून १९९३

साल्कीन पोरी,

तुझं पत्र अल्मातीला मला उशिरा मिळालं आणि ते वाचता वाचताच मी नमनगानला निघालो. मन भरून आलं. मामावर एवढा विश्वास टाकणारी भाची किती जणांना मिळते?

पण पोरी, तू मला शास्त्राच्या ऐन मध्यावर पकडलंस. मी कझाकमधून नुकताच बाहेर आलोय आणि उझबेकमध्ये गळ्यापर्यंत आहे. आत्ता नारिनला येऊन किरगीझ बोललो तर सगळी मेहनत पाण्यात. शिवाय एसेनबेक वयाने मोठे, त्यांना एकदम तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही. तू असं कर, त्यांना सांग की मामा विचार करतायत. विद्वान माणूस विचार करतोय म्हटल्यावर लोक थांबतात.

इथे मी ओबिदजान मास्तरांकडे उतरलो आहे. निवृत्त शिक्षक, अत्यंत सज्जन. अंगणात द्राक्षाचा मांडव, त्याखाली बाजा, आणि माझ्या कपात चहा इतका थोडा थोडा ओततात की मास्तरीणबाई मस्तूरा सारख्या उठत असतात. थोडा चहा ओतणं हा इथे मान आहे. कझाकांकडेही तसंच होतं बहुधा, आता आठवत नाही. कझाकचं दार मी बंद केलं आहे. अल्मातीच्या मित्राचं परवा पत्र आलं, ते उघडून तसंच ठेवलं आहे.

मामा


नमनगान, ३० ऑगस्ट १९९३

साल्कीन,

आज तुला अभिमान वाटेल असं काही सांगतो.

परवा मास्तरांकडे मोठी बैठक होती. कशाची ते मी विचारलं नाही, या घरात बैठकीला कारण लागतं असं मला कधी दिसलं नाही. गल्लीतली म्हातारी मंडळी आली होती, शेजारचं एक अख्खं कुटुंब नवे कपडे घालून आलं होतं, पुलावाची परात होती. मधोमध पांढऱ्या कापडात झाकलेले दोन नान. आणि सगळे गप्प! कुणीतरी चार शब्द बोलावेत असं वातावरण अगदी पिकलं होतं. अशा वेळी मी तोंड मिटून बसलो तर एवढी विद्या शिकून काय फायदा?

मी उठलो. उझबेकमध्ये बोललो, आणि पोरी, अडखळलो नाही. म्हणालो, नारिन आणि नमनगान ही दोन घरं नाहीत, एकच घर आहे, आजपासून तर आहेच. माझी भाची साल्कीन आहे, ती तुमचीच लेक समजा. आणि भावनेच्या भरात मी ते दोन्ही नान उचलले आणि सगळ्यांदेखत मोडले.

काय परिणाम झाला म्हणून सांगू! मास्तरांच्या हातातली किटली हातातच राहिली. शेजारच्या बाई तर ओढणी डोळ्यांना लावून उठून घरीच गेल्या, इतक्या गहिवरल्या. शेवटी एका आजोबांनी हात वर करून आमीन म्हटलं आणि मग सगळ्यांनी, अगदी हळू आवाजात, म्हटलं. त्यानंतर मंडळी माझ्याशी जास्तच अदबीने वागतायत. जवळजवळ बोलतच नाहीत.

पुढच्या आठवड्यात अश्काबाद. उझबेक पूर्ण झाली असं मी समजतो.

मामा

ता. क. तुझ्या त्या डुलांचं काय झालं? विचार चालू आहे.


नारिन, १७ ऑक्टोबर १९९३

मामा,

डुलांचं काय झालं ते सांगते. बसून वाचा.

कळप उतरले, आणि मंगळवारी बातीना काकू आल्या. नवी शाल, मागे दोन जावा, ओरोझालींनी मेंढा आणलेला. एसेनबेक काका सकाळपासून मिशांना तेल लावून बसले होते. त्यांना मी सांगितलं होतं की मामा विचार करतायत. ते म्हणाले, करू देत, आपण तोवर जेवून घेऊ.

आई चहा ओतत होती. मी खाली मान घालून बसले होते आणि डोळ्यांतून पाणी काही थांबत नव्हतं. बायकांना वाटलं लाजते आहे. बातीना काकूंनी डबी उघडली, एक डूल चिमटीत धरला, माझे केस कानामागे सारले, आणि दारात ट्रक थांबला.

ड्रायव्हर नमनगानचा. हातात गाठोडं. म्हणाला, ओबिदजान मास्तरांकडून, नवऱ्या मुलीसाठी. गाठोड्यात मिठाई, बदाम, एक रेशमी रुमाल आणि कापडात बांधलेले दोन अर्धे नान. एसेनबेक काकांनी विचारलं, हे काय? तर तो म्हणाला, काय म्हणजे? मुलीच्या मामांनी गल्लीतल्या वडीलधाऱ्यांसमोर मुलीचं नाव घेऊन नान मोडला, शब्द दिला. आमच्याकडे नान मोडला की लग्न ठरलं. अर्धा भाग मुलीच्या घरी पाठवतात, तो हा. उन्हाळ्याअखेरपासून अख्खी गल्ली जाणते.

मामा, तुमचं ते गहिवरलेलं पत्र मी आईला वाचून दाखवलं होतं आणि आम्ही दोघी हसलो होतो.

बातीना काकूंनी डूल डबीत ठेवला. दुसऱ्याच्या घरात शब्द गेलेल्या मुलीला हात लावणं त्यांच्या इभ्रतीत बसत नाही. काकांनी आईवर डोळे वटारले, हा शब्द कुणी दिला? आईला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तरी ती किटली खाली न ठेवता म्हणाली, "माझ्या भावाने. मामा आहे तो तिचा." आणि मंडळी मेंढ्यासकट परत गेली.

मी रात्रभर हसत होते. सकाळी लक्षात आलं की मारात गेला, पण मी आता नमनगानच्या कुणा माणसाची झाले आहे आणि मला त्याचं नावसुद्धा माहीत नाही. एका दावणीतून सोडून तुम्ही मला दुसरीला बांधलंत.

मास्तरांना ताबडतोब लिहा. चूक झाली म्हणावं, माफ करा म्हणावं. उझबेकमध्ये लिहा, तुमची ती पूर्ण झाली आहे ना? नाहीतर रशियनमध्ये लिहा. पण लिहा.

आणि मुलगा कोण ते कळवा.

साल्कीन


अश्काबाद, २५ नोव्हेंबर १९९३

साल्कीन,

तुझं पत्र वाचून प्रथम घाम आला, नंतर मी शांतपणे विचार केला. तुला वाटतं मला कल्पना नव्हती? डूल थांबले की नाही थांबले? मामाने थांबवले की नाही? काही गोष्टी विद्वान माणूस मुद्दाम गाफील राहून करतो.

मुलगा चांगला असावा. त्या घरात तीन मुलगे होते. त्यांपैकी कोणता, ते त्या गडबडीत विचारायचं राहिलं. एक फार उंच होता.

आता लिहिण्याविषयी. पोरी, तू जे मागतेस ते मला शक्य नाही, आणि हे मी दुःखाने लिहितो. मी तुर्कमेनमध्ये शिरलो आहे. परत उझबेक लिहायला बसलो तर दोन्ही बिघडतील, आणि खरं सांगायचं तर उझबेक लिहून पाहिलीही, पण अर्ध्यावर ती तुर्कमेन झाली. रशियनमध्ये लिहावं तर बंधुभाषा सदनाचा विद्वान बंधूंना रशियनमध्ये नकार कळवतो, हे सदनाच्या कानावर गेलं तर? किरगीझमध्ये लिहिण्याचा प्रश्नच नाही, पद्धत मोडते. आणि ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घराला नाही कसं म्हणायचं? मास्तर काय म्हणतील?

मी तुर्की संपवून आलो की सगळं सविस्तर पाहू. इथले खरबूज मात्र अप्रतिम. मास्तरांकडच्या खरबुजांविषयी मी काय म्हणालो होतो आठवत नाही, पण ते मागे घेतो.

मामा


नारिन, ९ डिसेंबर १९९३
नमनगान येथील मस्तूरा मावशींना

मावशी,

मी नारिनची साल्कीन. जोल्दोशबेक मामांची भाची. तुम्ही मला पाहिलेलं नाही आणि मी तुम्हांला नाही, पण तुमच्याकडून आलेला रेशमी रुमाल माझ्यापुढे आहे. तो मी वापरलेला नाही. नीट घडी घालून ठेवला आहे आणि याच ड्रायव्हरबरोबर परत पाठवते आहे. बदाम मात्र आम्ही खाल्ले, खोटं सांगत नाही.

मावशी, मी तुमच्या घरी येऊ शकत नाही. तुमच्या मुलात काही खोट आहे म्हणून नव्हे, मी त्याला ओळखतसुद्धा नाही. मामांनी मला न विचारता शब्द दिला. त्यांना कळत नव्हतं की ते काय करतायत. मला शिकायचं आहे, जनावरांची डॉक्टर व्हायचं आहे, आणि लग्न झालं की ते राहून जाईल, हे मी आमच्या गावात दर वर्षी पाहते. मामांनी दिलेला शब्द मी मोडते आहे. बोल लावायचा तर मला लावा, आईला नको.

हे मामांनी लिहायला हवं होतं. ते लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. किरगीझमध्ये लिहिते, कारण मला उझबेक येत नाही. रशियन येते, पण हे सांगायला ती फार लांबची वाटली.

तुमचा अपमान झाला असेल तर पाया पडते.

साल्कीन


नमनगान, २० जानेवारी १९९४

साल्कीन बाळ,

तुझं पत्र ड्रायव्हरने उंबऱ्यातच माझ्या हातात दिलं. किरगीझमध्ये आहे म्हटल्यावर आमचे मास्तर धावत जाऊन शब्दकोश घेऊन आले. मी म्हटलं, ठेवा तो कपाटात. पोरगी नाही म्हणते आहे. त्याला कोश कशाला? मी तुला उझबेकमध्ये लिहिते आहे, तुलाही कळेल.

बाळ, तू माफी मागतेस आणि इथे आम्ही सगळे तुझ्या होकाराच्या भीतीने झोपलो नव्हतो.

आमच्या इल्होमचं शेजारच्या नफीसाशी ठरलं होतं. दोघं शाळेत असल्यापासून ठरलं होतं म्हण ना, आम्ही फक्त शेवटी हो म्हटलं. ती बैठक त्यांची होती. ते नान त्यांच्या नावाने मोडायचे होते. आजोबा दुवा म्हणायला घसा खाकरतायत तोच तुझे मामा उठले. आम्हांला वाटलं दोन गोड शब्द बोलतील आणि बसतील. त्यांनी तुझं नाव घेतलं आणि नान मोडून मोकळे झाले. नफीसाची आई तिथून रडत गेली ती तुझं पत्र येईपर्यंत आमच्याशी बोललेली नव्हती. आमच्या दोन अंगणांमधलं दारही तिने बंद करून घेतलं.

तू विचारशील, तेव्हाच का नाही सांगितलं? सांगायचं कुणी? मास्तर म्हणाले, पाहुणा आहे. आजोबा म्हणाले, विद्वान आहे. आणि सगळ्यांच्या पोटात एकच गोष्ट होती, ती कुणी बोललं नाही: तीन वर्षांपूर्वी ओशच्या दंगलीत तुमच्या आणि आमच्या माणसांनी एकमेकांचं जे केलं, त्यानंतर किरगीझ पाहुण्याच्या हातातून नान परत कसा घ्यायचा? आपण नाही म्हटलं आणि त्याचं काही भलतंच झालं तर? मग आजोबांनी आमीन म्हटलं. तुला गाठोडं पाठवलं तेही लाजेकाजेस्तव. ते बांधताना मी रडले, आणि इल्होमने तर त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही.

दिलेला शब्द देणाऱ्या घरानेच परत घ्यायचा असतो. म्हणून आम्ही वाट पाहत बसलो होतो की नारिनमधल्या कुणाला तरी नाही म्हणायची बुद्धी होईल. तुझं पत्र मी स्वतः नफीसाच्या आईकडे नेलं. दोघींनी मिळून वाचलं. किरगीझ तिलाही कळली. दार उघडलं आहे, बाळ. गुरुवारी नफीसा आमच्या घरात येते आहे.

रुमाल परत पाठवू नको म्हणायला उशीर झाला, म्हणून पुन्हा पाठवते. नवरी म्हणून नको, लेक म्हणून बांध. खूप शीक. आईला माझा सलाम, तिला म्हणावं तुझी मुलगी तू चांगली वाढवलीस.

मस्तूरा


अंकारा, १४ ऑगस्ट १९९४

साल्कीन पोरी,

मोहीम फत्ते! अश्काबाद झालं, बाकू झालं, आणि तुर्की भाषाही मी परवा पूर्ण केली. पाच बहिणींचा एकाच दमात अभ्यास करणारा नारिन खोऱ्यातला पहिला माणूस तुझा मामा आहे.

मोहिमेचा कळस म्हणजे इथली बंधुभाषांची परिषद. पाच देशांचे वक्ते होते. प्रत्येकाने आपापल्या भाषेत एकच मुद्दा मांडला, की आपल्याला एकमेकांचं बोलणं दुभाष्याशिवाय समजतं. ते कुणालाच समजलं नाही, पण टाळ्या अगदी एका वेळी पडल्या. माझ्या भाषणात पाचही भाषा होत्या. कझाक पाहुण्यांना मी तुर्कमेन बोलतोय असं वाटलं, तुर्कमेन पाहुण्यांना मी बाकूचा वाटलो आणि बाकूच्या गृहस्थांनी मला विचारलं की कझाक इतकी अवघड असते का. कुणालाच मी आपला वाटलो नाही, पण प्रत्येकाला शेजारचा वाटलो. हे यश लहान नाही. रात्री जेवताना मात्र सोयीसाठी सगळे रशियनमध्ये बोललो आणि मग कुठे गप्पांना रंग चढला. यजमान बिचारे एका टोकाला हसत बसले होते, त्यांना रशियन येत नाही.

सप्टेंबरात मी सदनाचा प्रमुख म्हणून बिश्केकला रुजू होतो. महिनाअखेरच्या शनिवारी मोठा समारंभ आहे. आणि इथे मला तुझी गरज आहे. सदनाने मला न विचारता नमनगानच्या ओबिदजान मास्तरांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं आहे. ते व्यासपीठावर माझ्याशी उझबेकमध्ये बोलणार, हजार लोकांसमोर. उझबेकचं दार मी बंद केलेलं तुला माहीत आहेच. ते आता उघडत नाही, दोनदा जोर लावून पाहिला. तुझं त्यांच्या घरी पत्र गेलं आणि सगळं सुरळीत झालं असं मास्तर लिहितात, म्हणजे तुझी उझबेक ताजी आहे. तू माझ्या खुर्चीमागे बस आणि ते काय म्हणतात ते हळूच माझ्या कानात सांगत जा. कुणाला कळता कामा नये.

दुसरं एक. एसेनबेकांचं पत्र आलं होतं. नमनगानचं मोडल्यामुळे ओरोझालींकडचे पुन्हा विचारतायत, डूल तयारच आहेत म्हणे. माझं मत काय, असं त्यांनी मानाने विचारलं. त्यांना सरळ नाही लिहायला मला कसंसंच वाटलं. मी लिहिलं आहे, तुमच्या मर्जीप्रमाणे पाहू. यात नकारही येतो, नीट वाचलं तर.

मामा


बिश्केक, १९ सप्टेंबर १९९४

मामा,

नाही.

तुमच्या खुर्चीमागे मी बसणार नाही. मला उझबेक येत नाही, कधीच येत नव्हती. मी मस्तूरा मावशींना किरगीझमध्ये लिहिलं आणि त्यांनी मला उझबेकमध्ये उत्तर दिलं. जे सांगायचं होतं ते दोघींना माहीत होतं, बाकी कळून गेलं. मास्तरांशी तुम्हीही किरगीझमध्ये बोला. ते भले गृहस्थ आहेत, त्यांना कळेल. फक्त तुम्हांला त्यांना काय सांगायचं आहे ते आधी ठरवा. माफी मागायची असेल तर मला वाटतं ती कुठल्याही भाषेत चालेल.

हे पत्र मी बिश्केकहून लिहिते आहे. उन्हाळ्यात परीक्षा दिली, पास झाले, वसतिगृहात राहते. खोलीत आम्ही चौघी आहोत आणि स्टोव्ह एकच आहे. मी किती खूश आहे ते लिहून कळणार नाही.

इथवर कशी आले ते तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. तुमचं ते 'मर्जीप्रमाणे पाहू' काकांनी नीट वाचलं नाही. त्यांनी ते सगळ्या गल्लीला मोठ्याने वाचून दाखवलं, मामाने हो म्हटलं म्हणून. तीन दिवसांत बातीना काकू डबी घेऊन हजर. तुम्हांला आपल्या घरातली बैठक माहीत आहे, दारासमोरच्या भिंतीशी मानाची जागा असते, दाराजवळ सगळ्यात शेवटची. काका एका बाजूला बसले, ओरोझाली दुसऱ्या बाजूला, आणि मधली जागा मामाची म्हणून रिकामी ठेवलेली. मी आतून आले आणि त्या जागेवर जाऊन बसले.

काका ओरडले, की मामाच्या जागेवर पोरगी बसते काय? मी फार घाबरले होते. पण आईने चहाचा पहिला वाडगा उचलला, काकांना ओलांडून पुढे आली आणि तो माझ्यासमोर ठेवला. मग मी बातीना काकूंकडे बघून म्हटलं, "काकू, आमच्या घरातून नाही आहे. आत्ता नाही आणि मारातसाठी कधीच नाही." त्यांनी डबीचं झाकण लावलं. मग डबी पिशवीत टाकत नवऱ्याला म्हणाल्या, "चला. एवढं एक वाक्य कुणीतरी मागच्या वर्षीच बोललं असतं तर माझी दोन हेलपाट्यांची तंगडतोड वाचली असती."

बस्स, एवढंच झालं. कुणी मेलं नाही, आभाळ कोसळलं नाही. काका महिनाभर फुगून बसले, आता त्यांच्या घोडीचा पाय सुजला म्हणून मलाच विचारायला पत्र पाठवतात.

मामा, मला तुमचा फार राग आला होता. अजून आहे. तुम्ही मला लहानपणी घोड्यावर बसवलंत, अक्षरं शिकवलीत, आणि ज्या दिवशी मला तुमची खरी गरज होती त्या दिवशी तुम्ही कायम पुढच्या गावाला होतात. तरीही तुम्ही आलात तर मला बरं वाटेल, हेही खरं आहे.

शनिवारी समारंभाला येणार नाही, आमचा वर्ग आहे. मास्तरांना मात्र मी वसतिगृहावर चहाला बोलावलं आहे, त्यांच्याबरोबर नफीसा आणि इल्होमही येतायत.

गेल्या आठवड्यात आईने निरोप पाठवून विचारलं, सणाला जोल्दोशबेक आला तर त्याला कुठे बसवायचं? मी कळवलं, दाराजवळ.

साल्कीन